जेवढं झाकता येईल तेवढंच उकलावं

कोकणातलं सामाईक घर वर्षातून तीनदा भरतं. चतुर्थीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी दोन वयस्कर माणसं आणि एक कुत्रा. दुरुस्तीचे निर्णय घर भरलेलं असताना होतात आणि काम ते रिकामं असताना चालतं. या दोन वेळांची सांगड घालण्यातच निम्मी शक्ती जाते.

सिंधुदुर्गातल्या एका चिरेबंदी, कौलारू घराची दुरुस्ती आम्ही २०२२ च्या चतुर्थीला ठरवली. २०२५ ची चतुर्थी झाली, तरी पुढची पडवी बाकीच आहे. घर ४० फूट बाय ३० फूट. पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, सांध्यात माती आणि चुना, वासे किंजळीचे आणि ऐनाचे. सारखंच घर असलेल्या आणि सारखीच भावकी असलेल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून हे तपशील लिहितोय.

सुरुवात दिवस मोजण्यापासून करावी. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो, म्हणजे कागदावर आठ महिने कोरडे दिसतात. त्यातला ऑक्टोबर भातकापणीचा. गवंड्याच्या हाताखालचे गडी तेव्हा स्वतःच्या शेतात असतात. मग दिवाळी येते. बाहेरच्या राज्यातून आलेले कामगार दिवाळी आणि छठसाठी गावी जातात, ते पंधरा-वीस दिवसांनी परततात. खरं काम सुरू होतं तुळशीच्या लग्नानंतर. त्यातही गावोगावच्या जत्रा असतात, आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या आसपास तर मालवणाकडचा एकही माणूस कामावर धरू नये. मार्चमध्ये शिमगा येतो आणि पालखी घरोघर फिरते. त्यानंतर काजू आणि आंबा. ज्या गड्याला झाडावर चढता येतं त्याला बागायतदार जास्त मजुरी देतो, आणि छपरावर चढणारा गडी नेमका तोच असतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून १० मार्चपर्यंत ११५ दिवस होतात. रविवार, जत्रा, गावातली लग्नं आणि सामान वेळेवर न आल्याने फुकट गेलेले दिवस वजा केले की हातात ८५ ते ९० उरतात. आमचा पहिल्या वर्षीचा अंदाज १८० दिवसांचा होता. त्यामुळे दोन वर्षांत संपेल म्हटलेलं काम चार वर्षांत गेलं. इथे कामगारांचा दोष काही नव्हता, मोजणीच चुकीची होती.

चतुर्थीही एका जागी थांबत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे ती १९ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली. हे तेवीस दिवस रंगकामाला फार महत्त्वाचे असतात, कारण सप्टेंबरच्या मध्यात चार दिवस उघडीप मिळू शकते, ऑगस्टअखेर तिचा भरवसा नसतो. पुढच्या तीन वर्षांच्या चतुर्थ्या कालनिर्णयात आणि पंचांगात बघून भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

या सगळ्यातून आम्ही एक नियम धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. कामाचा प्रत्येक टप्पा असा निवडायचा की तो जिथे अडेल तिथेच चार महिने पावसात सुखरूप उभा राहिला पाहिजे. छप्पर असो, फरशी असो की नळाची लाइन, जेवढं झाकता येईल तेवढंच उकलायचं.

चतुर्थी ही दुरुस्तीच्या पाहणीची सगळ्यात चांगली वेळ आहे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. कोरड्या घरात गळती सापडत नाही. पाऊस पडताना, पंचवीस माणसं वावरत असताना घर आपली सगळी दुखणी दाखवतं. माळ्यावर चढून जिथे थेंब पडतो तिथल्या रिपेला, म्हणजे कौल टेकतं त्या आडव्या पट्टीला, रंगीत चिंधी बांधावी. खडूची खूण ओल्या लाकडावर टिकत नाही. थेंब पडतो तिथेच कौल फुटलेलं असेल असं मात्र नाही. पाणी वाशाच्या खालच्या अंगाने उतारावर वाहत येतं आणि गाठ किंवा खिळा आला की गळतं. म्हणून चिंधीपासून वर आढ्याच्या दिशेने चार-पाच फूट शोधावं. आम्ही २०२२ ला ४१ चिंध्या बांधल्या. नोव्हेंबरात वर बघितलं तर फुटकी कौलं फक्त बारा होती. बाकीच्या जागी रीप वाकून दोन कौलांमध्ये फट पडली होती, किंवा पन्हळ पानांनी तुंबली होती.

तेव्हाच आणखी काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. संध्याकाळी आरतीच्या वेळी विजेचा दाब किती उतरतो, टाकी किती वाजता रिकामी होते, न्हाणीचं पाणी निचरायला किती वेळ लागतो, कुठला दरवाजा घासतो, भिंतीला लोणा, म्हणजे ओलीचा खार, किती उंचीपर्यंत चढलाय. लोण्याची रेघ पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या वर्षी ती वर सरकली की खाली आली, यावरून केलेलं काम लागू पडलं का ते समजतं.

बैठकीसाठी गणपतीचा तिसरा दिवस चांगला. पहिल्या दोन दिवसांत कुणाला उसंत नसते आणि गौरी गेल्या की माणसं निघायला लागतात. बैठकीत तीन गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत. वर्गणी चुलीमागे की कमावत्या माणसामागे, पैसे कुणाच्या हाताने खर्च होणार, आणि कामावर रोज कोण उभं राहणार. तिसरी गोष्ट ठरली नसेल तर काम सुरूच करू नये. फोनवर चित्र बघून मुंबईहून घेतलेला निर्णय गवंड्यापर्यंत पोहोचेपर्यंत भिंत उभी राहिलेली असते. देवघर हलवायचं का, चूल ठेवायची का, हे प्रश्न मोठ्यांच्या समोर त्याच दिवशी सोडवावेत. आमचं देवघर आहे तिथेच राहिलं, आणि ते पहिल्याच बैठकीत ठरलं म्हणून पुढचा नकाशा सोपा झाला. देवाला कौल लावायची किंवा गाऱ्हाणं घालायची रीत असेल तर तीही गवंड्याला तारीख देण्याआधी पार पाडावी. सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्यावी, आणि बांधकाम वाढवायचं असेल तर ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी. ही कामं सगळे गावात असतानाच होतात, एकदा गाड्या सुटल्या की एका सहीसाठी महिना जातो.

आता छप्पर. मंगलोरी कौलं भारतात करायला बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरुवात केली, आणि किनाऱ्यावरची घरं त्यानंतर हळूहळू त्या मापाची झाली. एक कौल साधारण अडीच किलोचं असतं आणि एका चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. आमच्या घराला चारी बाजूंनी अडीच फूट वळचण धरली तर ४५ बाय ३५ फूट होतात. उतार ३० अंशांचा, म्हणून त्याला १.१५ ने गुणायचं. जवळजवळ १,८०० चौरस फूट, म्हणजे १६८ चौरस मीटर. पूर्ण छपराला कौलं २,६०० लागतात, फुटीसाठी दोनशे जास्तीची धरायची. एवढ्या कौलांचं वजन सुकी असताना साडेसहा टन भरतं. चांगल्या कौलातही त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापर्यंत पाणी मुरू शकतं, म्हणजे भर पावसात छपरावर आणखी एक टन चढतो. वासा वाकलाय का हे म्हणूनच मे महिन्यात बघू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दोन टोकांना दोरी ताणून बघावं.

नवी आणि जुनी कौलं एकाच पाखीवर, म्हणजे छपराच्या एकाच उतारावर, मिसळणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. दिसायला सारखी असली तरी वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. माप काढायची पद्धत सोपी आहे. अकरा कौलं जमिनीवर एका ओळीत अडकवून मांडावीत. पहिल्या कौलाच्या नाकापासून अकराव्याच्या नाकापर्यंतचं अंतर आधी ओळ ताणून मोजावं, मग दाबून मोजावं. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागलं की दोन रिपांमधलं अंतर मिळतं. आमच्या जुन्या कौलांना १२ इंच ५ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आले, नव्यांना १२ इंच ७ सूत. फरक फक्त दोन सुताचा, पण आढ्यापासून वळचणीपर्यंत एकोणीस ओळी असतात, तिथे तो पावणेपाच इंच होतो. सुताराला एकच माप दिलं असतं तर शेवटच्या ओळी उघड्या पडल्या असत्या. म्हणून मागच्या पाखीवर सगळी नवी कौलं घातली, आणि मागची उतरवलेली चांगली जुनी कौलं पुढच्या पाखीच्या दुरुस्तीला वापरली. जुनं कौल चांगलं की वाईट हे बोटाच्या पेराने वाजवून कळतं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर अंगणात टाकायचं. भेग डोळ्याला दिसत नसली तरी आवाजात लपत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात फक्त मागची पाखी घेतली. दोन्ही एकदम उकलायचा आग्रह होता, कारण परांची एकदाच बांधावी लागते आणि मजुरी वाचते. तरी एकच घेतली. घरात माणसं राहत होती, आणि अवकाळी पाऊस आला तर झाकायला ताडपत्री एका पाखीपुरतीच होती. एका पाखीलाही वीस दिवस धरले होते, ते चौतीस लागले. मुख्य कारण वासे. वरून चांगले दिसणारे वासे वळचणीकडच्या दोन-तीन फुटांत कुजलेले असतात, कारण तिथे पावसाचे शिंतोडे लागतात आणि ऊन कमी पोहोचतं. असा वासा पूर्ण बदलायची गरज नसते. कुजलेला भाग कापून बाजूला नवा तुकडा जोडता येतो, पण तुकडा बाहेर जितका लोंबतो त्याच्या दीडपट तरी भिंतीच्या आत जायला हवा. अडीच फूट बाहेर असेल तर चार फूट आत, आणि १२ मिलिमीटरचे तीन बोल्ट. आमच्या सुताराने पहिल्या दोन वाशांना बाहेर-आत सारखाच तुकडा लावला, तो कौलं चढल्यावर सव्वा इंच झुकला. काढून पुन्हा करावा लागला.

दोन पाखी आत मिळतात तिथल्या पन्हळीकडे विशेष लक्ष द्यावं. जुना पत्रा बारा इंच रुंद होता, म्हणजे कौलाखाली दोन्हीकडे जेमतेम तीन-तीन इंच जात होता. आम्ही चोवीस इंच रुंद पत्रा घातला आणि दोन्ही कडांना अर्ध्या इंचाची दुमड दिली, म्हणजे जोराच्या सरीत पाणी कडेवरून आत उडत नाही. गवंड्याला पन्हळीत सिमेंट भरू देऊ नये. सिमेंट वर्षभरात पत्र्यापासून सुटतं, फटीत पानं अडकतात आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते. आढ्यावरचे कोने, म्हणजे आढं झाकणारी कौलं, बसवतानाही फार तेज, जास्त सिमेंटचा माल नको. सिमेंट एक आणि वाळू सहा, त्यात थोडा चुना, एवढं पुरतं. तेज माल कौलासकट तडकतो.

माकडांमुळे कौलं काढून पत्रा घालणारी घरं आता गावोगाव दिसतात. त्यांची अडचण खरी आहे. आम्ही आधी फणसाच्या फांद्या उतरवल्या. वानर ठरलेल्या वाटेने येतात. वळचणीच्या आठ-दहा फुटांत एकही फांदी ठेवली नाही तेव्हा फुटणाऱ्या कौलांची संख्या वर्षाला साठवरून पंधरावर आली. पत्र्याखाली पावसात भजन ऐकू येत नाही आणि मेमध्ये माजघरात बसवत नाही, म्हणून जमेल तितकी वर्षं कौलं टिकवायची असं आम्ही ठरवलंय.

छपराचं काम कुठल्याही परिस्थितीत १० मेच्या आत बंद करावं. मेमध्ये लग्नाची आणि सुट्टीची माणसं घरात असतात, वळवाचा पाऊस दुपारी चारला न सांगता येतो, आणि मोसमी पाऊसही लवकर येऊ शकतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, आमच्याकडे त्याच्याही आधी. ज्यांनी ३१ मे ही तारीख धरली होती त्यांची अनेक घरं उघडी सापडली.

छपराहून अवघड प्रकरण संडासाचं निघालं. उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारा संडास नेमका चतुर्थीत तुंबतो, आणि लोक समजतात की माणसं वाढली म्हणून. माणसं हे अर्धं कारण. बाकी अर्धं जमिनीखाली असतं. जांभा सच्छिद्र असतो, उन्हाळ्यात शोषखड्डा भराभर पाणी पितो. ऑगस्टमध्ये जमीन पाण्याने भरलेली असते, विहीर काठोकाठ असते, आणि खड्ड्यातलं पाणी जायला जागाच उरत नाही. त्यात न्हाणीचं पाणीही संडासाच्याच टाकीत सोडलेलं असेल तर पंचवीस माणसांच्या आंघोळी टाकीला दोन दिवसांत हरवतात.

आम्ही २०२३ च्या जानेवारीत तीन गोष्टी केल्या. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी पूर्ण वेगळं काढून तीन इंची पाइपाने माडांच्या आळ्यांत सोडलं. शंभर फुटांना एक फूट उतार हवा, तो लेव्हल पाइपने काढावा, नजरेने काढू नये. दुसरं, टाकी मोठी केली. दहा माणसांच्या नेहमीच्या वापरासाठी आतून दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली हे माप चालतं, वीस माणसांसाठी २.३ मीटर, १.१ मीटर आणि १.३ मीटर. पाच दिवसांच्या गर्दीसाठी मोठं माप घेतलं, कारण टाकी पुन्हा खणणं म्हणजे मागीलदार पुन्हा उकरणं. तिसरं, शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला नेला. जांभ्यात भेगा असतात आणि पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून पन्नास फुटांच्या आत तो नकोच. आमचा जुना खड्डा बत्तीस फुटांवर होता. तो दगड-मातीने बुजवला.

एवढं करूनही २०२३ च्या चतुर्थीला दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. कारण टाकीच्या झाकणाच्या कडेने पावसाचं पाणी आत जात होतं. झाकण जमिनीला सपाट बसवलं होतं. पुढच्या वर्षी त्याभोवती सहा इंच उंच कठडा केला आणि फट सिमेंटने बंद केली. २०२४ आणि २०२५ ला त्रास झाला नाही. टाकी उपसायची असेल तर मेमध्ये उपसावी आणि लगेच पाण्याने भरून ठेवावी. पावसात उपसू नये. आजूबाजूची ओली जमीन रिकाम्या टाकीला वर आणि आत ढकलते, आणि प्लास्टिकची टाकी तर जागेवरून उचलली जाते.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. माणशी शंभर लिटर धरले तर पंचवीस माणसांना रोज अडीच हजार. एक हजाराची टाकी सकाळी नऊला संपते. चतुर्थीत सगळी वाडी भरलेली असते, संध्याकाळी विजेचा दाब उतरतो आणि पंप घरघरतो पण उचलत नाही. अशा वेळी पंप चालू ठेवला तर तो जळतो. पहाटे चार ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत टाक्या भरून घ्याव्यात. दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन टन वजन होतं, ते मातीच्या सांध्याच्या जुन्या भिंतीवर ठेवू नये. आम्ही न्हाणीच्या मागे चार खांबांचा वेगळा कट्टा केला.

भिंतीचा लोणा ही पुष्कळदा आपणच ओढवून घेतलेली गोष्ट असते. शेणाने सारवलेली जमीन जमिनीतली ओल हवेत सोडत राहते. तिच्यावर चकचकीत लादी बसवली की ओलीला वाट राहत नाही, ती भिंतीकडे वळते आणि चिऱ्यातून वर चढते. त्यावर सिमेंटचं प्लास्टर असेल तर आणखी वर चढते. आमच्या माजघरात लादी घातल्यानंतर लोणा नऊ इंचांवरून अडीच फुटांवर गेला होता. उपाय बाहेरून सुरू केला. पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे भिंतीपासून तीन फुटांवर उघडं गटार काढलं आणि भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली सहा इंच उतरवली. मग आतलं सिमेंट प्लास्टर तीन फुटांपर्यंत खरवडून, भिंत एक हिवाळाभर उघडी ठेवली. सगळ्यांना ती विद्रूप दिसली, पण ती सुकणं गरजेचं होतं. पुढच्या डिसेंबरात चुना एक आणि वाळू तीन असा गिलावा दोन थरांत केला. चुन्याचा गिलावा एप्रिलच्या उन्हात करू नये, पटकन सुकून भेगा पडतात. पावसातही करू नये, धरतच नाही. डिसेंबर-जानेवारीत करून दहा दिवस हलकं पाणी मारत ठेवावं. तीन वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीच्या रेघेपासून लोणा आता दीड फूट खाली आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. जुलैअखेर सगळ्यांना गणपतीच्या खोलीला रंग हवा असतो. भिंतीवर एक फूट चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने लावून चोवीस तास ठेवावं. आतून थेंब जमले तर पुट्टी आणि ऑइलपेंट लावूच नये, दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला फक्त चुना. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, किमान एक दिवस भिजवून कापडाने गाळायचं, त्यात पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक. गणपतीच्या मागच्या भिंतीवर चित्र काढायची रीत असेल तर चुन्यावर ते छान बसतं. नवीन सिमेंट प्लास्टर असेल तर रंगाआधी अठ्ठावीस दिवस द्यावेत.

दारांच्या बाबतीत धीर धरावा. ऑगस्टमध्ये दार घासतं म्हणून सुताराला बोलावून रंधा मारला तर जानेवारीत त्याच फटीतून विंचू आत येतो. घासणाऱ्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि लाकूड सुकल्यावर फेब्रुवारीत तेवढंच काढावं. नवं दार उन्हाळ्यात बसवत असाल तर चौकटीत चारी बाजूंनी तीन मिलिमीटर मोकळे ठेवावेत.

वायरिंगमध्ये गणपतीच्या खोलीसाठी वेगळी लाइन काढली. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या प्लगला २.५, गिझरला ४. मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. ओल्या पायांनी माणसं समईजवळ आणि दिव्यांच्या माळांजवळ वावरतात, तिथे हे लागतंच. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होतं, म्हणून वायरमनकडून ते मेमध्ये तपासून घ्यावं, पावसात ते चांगलंच दिसणार.

माटवीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचा, विचार छताच्या आधी करावा. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, काकड्या, कवंडळं, तोरिंजनं हे सगळं बांधलं की चौकट सहज तीस-चाळीस किलोची होते. खोलीला आम्ही लाकडी फळ्यांचं छत केलं, पण माटवीच्या चार कड्या फळ्यांना न लावता वरच्या तुळईतून आरपार बोल्टने घेतल्या. जिप्समचं छत करणाऱ्यांनी तर या चार जागा आधी मोजून द्याव्यातच. चौरंगाची जागा, माटवीची लांबी-रुंदी आणि मूर्ती आत आणताना दाराची उंची, ही तिन्ही मापं चतुर्थीतच टेप धरून घ्यावीत.

वाळवीसाठी फेब्रुवारीत भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिली या प्रमाणात भरलं. विहिरीच्या बाजूची भिंत सोडली. तिथल्या चौकटीचा तळ चिऱ्याच्या उंबऱ्यावर उचलून घेतला.

सामानाबद्दल एक चूक सांगायलाच हवी. २०२४ च्या मेमध्ये स्वस्त मिळालं म्हणून सिमेंटची चाळीस पोती घेऊन ठेवली. पाऊस आधी आला, काम राहिलं. फळ्यांवर रचून, प्लास्टिक टाकूनही ऑक्टोबरात त्यातल्या सतरा पोत्यांत गठ्ठे झाले होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत सिमेंट तीन महिन्यांपलीकडे ठेवू नये. गठ्ठे झालेलं सिमेंट चाळून फक्त खळ्याच्या कडेला वापरलं. वाळू आणि चिरे मात्र मेमध्येच आणून ठेवावेत, कारण पाणंदीतून ट्रक पुन्हा डिसेंबरशिवाय येत नाही.

२०२५ च्या चतुर्थीला माळ्यावर सहा चिंध्या बांधल्या. सहाही पुढच्या पाखीच्या आहेत, पडवी जिथे ओटीच्या छपराला मिळते त्या ओळीत. पडवीचे नऊ वासे, पाचशे कौलं आणि पंधरा फूट पन्हळ, एवढं काम या हिवाळ्यासाठी धरलंय. जुनी कौलं मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, उभी, एकमेकांना टेकवून, मध्ये पेंढा घालून ठेवली आहेत. आडवी रचली की खालच्या थराला वजन लागून ती तडकतात. सुताराला तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारची तारीख दिलीय, आणि २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे.